पिसवांचा एका दिवसाचा खाऊ

प्रिय बारक्या,

हे पत्र मी दुकानाच्या मागच्या खोलीत, चष्म्याच्या काचा घासायच्या मशीनशेजारी बसून लिहिते आहे. जेवणाची सुट्टी आहे, डबा उघडलेला नाही आणि डोकं तापलेलं आहे. ताईला एकदम पत्र लिहायचं कुठून सुचलं, असं तू म्हणशील. सुचलं नाही रे, तुंबलं. मेसेज केला तर तू पहिली ओळ वाचून अंगठा दाखवतोस आणि कामाला लागतोस. कागदाला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून कागद. मुद्द्याचं आधीच सांगून टाकते: तू घरी यायचं आहेस. पाहुण्यासारखं चार दिवस नाही, घरी राहायला. का ते सांगतेच आहे, पण माझ्या पद्धतीने सांगू दे. घाईघाईने सांगायला गेले तर तोंडून नुसत्या शिव्या बाहेर येतील, आणि त्या तुला लहानपणापासून पाठ आहेत.

तुझ्या पिसवांपासून सुरुवात करते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. माशांना घालायच्या, पाण्यात उड्या मारणाऱ्या त्या टीचभर किड्यांना तू डाफ्निया म्हणतोस, बाबा 'जनावरं' म्हणतात, मी पिसवा म्हणते. खालच्या मजल्यावरच्या काकू नुसतं नाव ऐकून हात खाजवायला लागल्या, तेव्हापासून त्यांच्यासमोर मी तोंडच उघडत नाही. तू जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मला गॅलरीत बरण्यांसमोर उभं करून काय थाटात शिकवलं होतंस. नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं, त्यातलं औषध उडून गेलं की मगच वापरायचं. चिमूटभर यीस्ट कोमट पाण्यात कालवायचं, त्यातलं चमचाभर प्रत्येक बरणीत घालायचं, पाणी जरासं धुरकट दिसलं की थांबायचं. दुसऱ्या दिवशी पाणी नितळ झालं म्हणजे त्यांनी खाल्लं, मग पुन्हा चमचाभर. वाढल्या की जाळीने गाळून माशांना. दही लावण्याइतकं सोपं आहे ताई, असं म्हणाला होतास. तुझं सोपं मला चांगलं ठाऊक आहे. सोपं आहे म्हणून तू घरातला रेडिओ उघडला होतास, तो शेवटपर्यंत उघडाच राहिला. आणि 'ही एक इमारत झाली की येतो' हेही सोपंच होतं. त्या इमारतीतली लिफ्ट तू बसवलीस, मग शेजारच्या इमारतीतली, मग त्याच मालकाची आणखी एक निघाली. तू दुसऱ्यांना वर चढवत राहिलास आणि मी इथे बरण्या धूत राहिले.

बरं, तुझे मासे तरी साधे असावेत. जगात इतके गरीब मासे आहेत, डबीतला कोरडा चुरा टाकला की गपगप खातात आणि मालकाला दुवा देतात. तू आणलेस ते वाटाण्याएवढे फुगे, घाबरले की टम्म फुगणारे मासे. जोडी आणि त्यांचा तोरा. हललं नाही तर ते अन्नच नव्हे. मी चुरा टाकला, तो दोघांच्या नाकासमोरून खाली गेला. एक डोळा चुऱ्याकडे आणि दुसरा माझ्याकडे असं करून त्यांनी मला जे पाहिलं, तसं मी सासरी होते तेव्हा तिथल्या लोकांनीही मला कधी पाहिलं नव्हतं. मग पिसवा हव्यात, गोगलगायी हव्यात, आणि ओटच्या लगद्यावर पोसलेल्या त्या सुतासारख्या अळ्या हव्यात. त्या अळ्यांचा डबा माझ्या स्वयंपाकघरात, चहापत्तीच्या शेजारी आहे, कारण तुझ्या मते त्यांना तिथलीच ऊब मानवते. झाकण काढलं की आंबलेल्या पिठासारखा वास येतो आणि भिंतीवर चढलेल्या अळ्या बोटाने पुसून घ्याव्या लागतात. मी त्या पुसते, हात धुते, आणि त्याच हाताने ब्रेडवर लोणी लावते. माणसाला कशाचीही सवय होते, यावर माझा आता पूर्ण विश्वास बसला आहे.

पण पिसवांची सवय व्हायला त्या जिवंत राहायला हव्यात ना. तू गेल्यावर थोडे दिवस सगळं सुरळीत चाललं. एका सकाळी गॅलरीचं दार उघडलं तर नाकात दर्प गेला. सगळ्या बरण्यांमधलं पाणी दुधासारखं पांढरं, आणि तळाशी मेलेल्या पिसवांचा थर. एकही उडी मारत नव्हती. तुला फोन केला. तू मशीनच्या आवाजात ओरडून म्हणालास, 'ताई, तू जास्त घालतेस! यीस्ट उरलं की सडतं, पाण्यातली हवा संपते, त्या गुदमरतात. थोडं कमी घाल गं!' मी कमी घातलं. पुन्हा मेल्या. पुन्हा तू म्हणालास, जास्त घालतेस. बारक्या, मी दिवसभर काय करते हे तुला माहीत आहे. लोकांच्या डोळ्यांसमोर ज्या काचा बसतात त्या मी घासते. केसभर जास्त घासली तर काच फुकट आणि गिऱ्हाईकाचं डोकं दुखतं. मला एक चमचा म्हणजे किती हे कळत नाही, असं तू मला फोनवर, मागे दोन माणसं खिदळत असताना ऐकवलंस. मी त्या दिवशी चिडून अर्ध्या चमच्यावर आले. त्याही मेल्या. तू म्हणालास, 'नक्की अर्धा ना?' तेव्हा तू समोर असतास तर तो चमचा तुझ्या डोक्यात बसला असता.

दर वेळी नवीन विरजण, म्हणजे थोड्या जिवंत पिसवा, आणायला टाकीवाल्याकडे जावं लागे. तुझा तो मित्र, माशांच्या टाक्या विकणारा. त्याचा नियम तू मला सांगितला नव्हतास, त्याने सांगितला. पिसवांचं विरजण विकायचं नाही, द्यायचं. ज्याने नेलं त्याने आपल्याकडे वाढवायचं आणि पुढे दोघातिघांना वाटायचं, म्हणजे एका घरात मेल्या तरी वाण बुडत नाही, दुसऱ्या घरातून परत आणता येतो. ऐकायला फार छान आहे. पण दर थोड्या दिवसांनी रिकामी बरणी घेऊन त्याच्या दारात उभं राहायचं म्हणजे काय, ते मला विचार. वाटायचं राहू दे, माझ्याकडे बुडण्यापलीकडे काही होतच नव्हतं. पहिल्या वेळी तो हसला, नंतर 'होतं असं' म्हणाला. पुढच्या खेपेला मला पाहताच माझी बरणी घेऊन आतल्या खोलीत गेला. बरणी माझ्या हातात देताना मात्र थांबला आणि विचारलं, 'ताई, घरात आणखी कोणी हात लावतं का याला?' मला राग आला. म्हटलं, घरात मी आणि बाबा, आणि बाबांनी जन्मभर औषधं मोजली आहेत, ते असलं काही करायचे नाहीत. 

आता बाबांचं सांगते. तू म्हणतोस ना, बाबांना माझ्या माशांशी काही देणंघेणं नाही. तुझ्या लहानपणी नव्हतंच. तू गटारातून डब्यात अळ्या भरून आणायचास आणि ते दवाखान्यातून दमून आले की ओरडायचे, 'हे घर आहे की डबकं?' आई तुझे डबे मोरीत लपवायची. आई गेल्यावर ओरडणंही बंद झालं, एवढंच. पण तू गेलास आणि हा माणूस बदलला. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी टाकीसमोर. खुर्ची आता टीव्हीकडे नाही, टाकीकडे तोंड करून असते. माशांशी बोलतात. तुझ्याशी आयुष्यात बोलले नसतील इतकं त्यांच्याशी बोलतात. माझं जुनं भिंग मागून घेतलं आणि बरणीला लावून पिसवांच्या पोटातली पिल्लं मला दाखवत बसले. बिचाऱ्यांना विरंगुळा मिळाला, असं मला वाटलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग एका रविवारी तू फोनवर त्यांना म्हणालास, 'बाबा, ताईला सांगा हो, ती जनावरांना फार खायला घालते.' फोन ठेवून ते माझ्याकडे आले, चष्मा काढून पुसला, आणि कंपाउंडर असताना लोकांना द्यायचे तसं मला लेक्चर दिलं. जास्त दिलेलं औषध हे औषध राहत नाही, बाळ. मापात राहिलं पाहिजे. तू कामाला जातेस, गडबडीत असतेस, आजपासून मी बघतो. मी म्हटलं, काही बघू नका, माझं मी करते. ते म्हणाले, बरं. आणि त्यानंतर पिसवा आणखी भराभर मरायला लागल्या.

माझ्या डोक्यात टाकीवाल्याचा प्रश्न फिरत होता. राग ओसरल्यावर प्रश्न तेवढा शिल्लक राहिला. काचेवर खुणा करायच्या पेनाने मी यीस्टच्या डब्याला आतून बारीकशी रेघ मारली, आतल्या यीस्टच्या वरच्या कडेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यीस्ट रेघेच्या पार खाली. मी घातलं होतं चिमूटभर. उंदीर यीस्ट खातात का, असा विचार करण्याइतकी मी मूर्ख नाही, पण तोही केला. दुकानात डोकं दुखतं म्हणून सांगितलं आणि भर दुपारी घरी आले. किल्ली हळूच फिरवली, चपला हातात घेतल्या आणि आपल्याच घरात चोरासारखी पडद्याआड उभी राहिले.

बाबा गॅलरीत होते. यीस्टचा कप, चमचा, अंगठ्याने चमच्याची कड निपटायची ती जुनी सवय. प्रत्येक बरणीत एकेक चमचा, अगदी मापात, एक थेंब इकडे तिकडे नाही. 'घ्या,' म्हणत होते, 'सावकाश घ्या, कुणी हिसकावून नेत नाही.' मग चमचा धुतला, फडक्याने पुसला, जागेवर ठेवला, कप पालथा घातला आणि टाकीसमोर येऊन बसले. मला हसू येत होतं. मनात म्हटलं, सापडले, आता यांना पकडते आणि बारक्याला फोन लावून दोघांची चांगली खरडपट्टी काढते. पडदा सारायला हात पुढे केला, तेवढ्यात ते उठले. गॅलरीच्या दारात थांबून बरण्यांकडे बघितलं आणि स्वतःशीच म्हणाले, 'अरेच्चा, यांना खायला घालायचं राहिलंच की.' आणि कप सरळ केला. चिमूटभर यीस्ट. कोमट पाणी. एकेक चमचा, अगदी मापात. 'घ्या, सावकाश घ्या, कुणी हिसकावून नेत नाही.' चमचा धुतला, पुसला, ठेवला. खुर्चीत बसले. मी पडद्यामागे तशीच उभी. थोड्या वेळाने ते परत उठले.

माझ्या हातातल्या चपला कधी खाली पडल्या मला कळलं नाही. आवाजाने ते वळले आणि म्हणाले, 'आज लवकर आलीस? बरं झालं. जनावरांना घालायचं राहिलंय, जरा कप दे.' मी कप दिला, बारक्या. काय करणार होते?

तू म्हणालास ना, जास्त घालतेस म्हणून. तुझं बरोबर होतं, माणूस तेवढा चुकला.

त्या आठवड्यात मी रागावण्याचे सगळे प्रकार करून बघितले. यीस्ट लपवलं, तर त्यांनी पिसवा उपाशी आहेत म्हणून चहात बुडवायची बिस्किटं चुरून घातली. बरण्यांवर कागद चिकटवला, 'आज घातलं आहे', तर तो वाचून म्हणाले, हा कालचा असेल. एकदा मी ओरडले. ते इतके ओशाळले की मलाच तोंड लपवायला जागा उरली नाही. मग दुकानात काच घासता घासता मला सुचलं, आणि याचं श्रेय मी कुणालाही देणार नाही. यीस्टचा डबा मी माझ्या कपाटात ठेवते. सकाळी उठून पिसवांचा एका दिवसाचा खाऊ, म्हणजे एक चिमूट, मोठ्या बाटलीभर पाण्यात विरघळवते आणि ती बाटली गॅलरीत चमच्याशेजारी ठेवते. ते पाणी इतकं पातळ असतं की बाबांनी दिवसभर कितीही वेळा घातलं तरी सगळं मिळून एकाच दिवसाचं होतं. संध्याकाळी बरणीत चढलेलं पाणी जाळीतून काढून कुंड्यांना घालते. पिसवा आता मजेत आहेत. इतक्या झाल्या की टाकीवाल्याला मी स्वतः बरणी भरून नेऊन दिली, आणि त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. बाबांना फक्त एकच तक्रार आहे. परवा चमच्यात बघून म्हणाले, हल्लीचं यीस्ट अगदी पाणचट येतं, दुकानदार भेसळ करत असणार.

इथेच संपलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. फोनवर तुला हसत हसत सांगितलं असतं. पण पिसवांचा उलगडा झाला त्या रात्री जेवताना माझा घास हातातच राहिला. बाबा मध्यंतरी मोरीपाशी चक्कर येऊन पडले होते, आठवतं? मी तुला उन्हामुळे म्हणून सांगितलं, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मी उठून त्यांचा औषधांचा डबा उघडला. रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट नवीन आणलेलं, आणि जवळजवळ रिकामं. जेवण झालं, गोळी घेतली, पाणी प्यायलं, पेला धुतला, खुर्चीत बसले, आणि अरेच्चा, गोळी राहिलीच की. ज्या माणसाने अख्ख्या वस्तीच्या गोळ्या मोजून पुड्या बांधल्या, त्याच्याबाबतीत मला हे सुचलंच नाही. पिसवा मेल्या नसत्या तर अजूनही सुचलं नसतं. त्या बिचाऱ्या बरणीभरून मरून मला ओरडून सांगत होत्या, आणि मी चमचे मोजत बसले होते.

गोळ्या आता माझ्या पर्समध्ये असतात. सकाळी एक मी देते, तोंडात जाईपर्यंत उभी राहते. पण गॅसचं काय करू? तो पाण्यात कालवून पातळ करता येत नाही. दाराचं काय करू? परवा ते ब्रेड आणायला उतरले आणि खालच्या काकूंनी त्यांना कोपऱ्यावरून हाताला धरून आणलं. काकू मला म्हणाल्या, 'तुझ्या पिसवा परवडल्या गं.' नवीन डॉक्टरांना दाखवलं. बाबांनी त्यांच्याशी इतक्या हुशारीने गप्पा मारल्या, जुन्या औषधांची नावं, मात्रा, सगळं घडाघडा, डॉक्टर खूश. बाहेर आल्यावर मला विचारलं, आपण इथे कुणासाठी आलो होतो? मी परत आत जाऊन डॉक्टरांना ते सांगितलं. तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. हा विसरण्याचा आजार पुढे वाढत जाईल, म्हणाले. बरा होणार नाही, वेग तेवढा कमी करता येईल. आणि दिवसा घरात कोणीतरी हवं, ओळखीचं, आपलं. मी आणि तू सोडून तिसरं कोण आहे सांग. मी नोकरी सोडू शकत नाही, तू लिफ्ट कुठेही बसवू शकतोस, इथेही इमारती आहेत. आपण पाळ्या लावू. यावर मला तुझं 'बघू गं' नको आहे.

तू म्हणशील, बाबा तर रविवारी फोनवर ठणठणीत असतात. हेच तर मला तुला फोनवर सांगता येत नाही, कारण ते शेजारी बसलेले असतात. दुकानातून फोन केला तर तू उंचावर कुठेतरी लोंबकळत असतोस आणि म्हणतोस, रविवारी बोलू. म्हणून लिहिते आहे. रविवारी सकाळी, तुझा फोन येण्याआधी, बाबा हळूच स्वयंपाकघरात येतात. दार लोटून घेतात. मग मला खालच्या आवाजात विचारतात, 'हा सध्या कुठली इमारत करतोय? कितवा मजला? मागच्या खेपेला खोकला होता ना त्याला?' मी सांगते. ते ओठ हलवत दोनदा म्हणून बघतात, शाळेतल्या मुलाने कविता घोकावी तसं. आणि तुझा फोन आला की खणखणीत आवाजात विचारतात, 'काय, वरपर्यंत पोचलास का? खोकला काय म्हणतो?' आणि तू खूश होऊन मला म्हणतोस, बघ, बाबांना सगळं लक्षात असतं. त्यांना माहीत आहे रे. काय होतंय ते त्यांना पुरतं माहीत आहे. ते फक्त तुला कळू द्यायचं नाहीये त्यांना, कारण तुला परत बोलवायचं नाहीये. तुला बोलवायचं ते काम माझं, आणि त्याबद्दल ते मला माफ करणार नाहीत. लक्षात राहिलं तर.

आता का लिहिलं ते सांगते, सुट्टी संपत आली. तुझ्या फुग्यांना पिल्लं झाली आहेत. शेवाळाच्या गुंत्यात टाचणीच्या टोकाएवढे डोळे दिसतात, बाकी काही दिसत नाही. पोट भरायला त्यांना त्या ओटवरच्या अळ्या आणि पिसवांची तान्ही पोरं लागतात, आणि दोन्ही घरात मुबलक आहे, मी वाढवलेलं. बाबा ती पिल्लं रोज सकाळी पहिल्यांदाच बघतात. भिंग लावतात, श्वास रोखतात, मग मला हाक मारतात, 'अगं, इकडे ये, पिल्लं झालीत! त्याला कळव. फार आनंद होईल त्याला.' रोज मी हात पुसत जाते, रोज नव्याने बघते, रोज म्हणते, कळवते बाबा. आज खरंच कळवते आहे. 'त्याला' म्हणजे कोणाला, हे अजून त्यांच्या पक्कं लक्षात आहे. तोवर ये.

तुझीच, तुझ्यावर अजूनही चिडलेली,
ताई